तिसऱ्या गाण्यातलं डफडं

मंग्या,

राजूदादाचा फोन आला तेव्हा मी खांबावर होतो. रिसोड रोडच्या वळणावरचा खांब, जिथे वारा सुटला की तारा एकमेकींना लागतात आणि अर्ध्या केनवडची लाइट जाते. फोन खिशात थरथरत राहिला. काम संपवून खाली उतरलो आणि तुझ्या भावाला उलट फोन लावला. तो एवढंच म्हणाला, "मंगेश गेला, मिलिंद." अकोल्याच्या दवाखान्यातून तुला घेऊन गाडी निघाली होती. मी खांबाला पाठ लावून तिथंच मातीत बसलो. तेवढ्यात तो पुढं म्हणाला, "आन् आयक न, ते तिसरं गाणं तुह्याजोळ चांगल्या आवाजात हाये का? मोबाइलमधलं मोठ्या भोंग्यावर फुटते. मयतीत लावाचं हाये."

कोणतं तिसरं, असं मी विचारलं. उगाच विचारलं, मला माहीत होतं.

"तेच बावा, तुह्या बाबानं डफडं वाजोलं ते. मंगेशचीच इच्छा व्हती."

म्हणजे तू गेल्याचं दुःख मला पुरतं मिळालंही नाही. डोळ्यात पाणी यायच्या आधी राग आला, आणि अजून तो हटत नाही. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण आपण आयुष्यभर एकमेकांच्या तोंडावर बोललो, आता तुझी तेरवी व्हायच्या आत मी गोडगोड बोलायला लागलो तर तूच म्हणशील, मिल्या, तब्येत बरी आहे ना?

कॉलेजात तू गिटार घेऊन यायचास आणि मी बेंचवर ढोलकी बडवायचो. माझे बाबा गायन पार्टीत ढोलकीला, त्यामुळे हात मला घरातूनच मिळाला होता. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "ढोलकीचा हात हाये तुहा. बेस गिटार तुलेच येईन." मी तोवर बेस गिटार पाहिलीही नव्हती. तू शिकवलंस. मी आज चार तारांवर जे काही वाजवतो ते सगळं तुझं आहे, आणि हे मी तुझ्यावर कितीही चिडलो तरी नाकारत नाही. तसा कृतघ्न मी नाही.

मग तुला जगभरातली वाद्यं गोळा करायचं खूळ लागलं. रॉक तर वाजवायचाच, पण त्यात सगळ्या दुनियेचे आवाज आणायचे. पुण्याहून जेंबे आणलास, आफ्रिकेचा तो मांडीत धरायचा ढोल. अरबांकडचं ऊद आणलंस, फुगलेल्या पोटाचं तंतुवाद्य. लाकडी पेटीवर लोखंडी पट्ट्या लावलेलं, अंगठ्यांनी वाजवायचं एक वाद्य तू आमच्या घरी दाखवायला आणलंस तेव्हा आई म्हणाली, "हे किसनी हाये काय?" ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचा लांबलचक पोंगा काही मिळेना, तेव्हा तू शेतातला स्प्रिंकलरचा पाइप कापलास. हरभऱ्याला पाणी द्यायच्या ऐन दिवसात. तुझ्या बाबूजींनी त्याच पाइपच्या उरलेल्या तुकड्यानं तुला वावरभर पळवलं होतं, आणि तू पळताना ओरडत होतास, "बाबूजी, सूर पाहा न कसा लागला!" खरंच लागला होता. पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला जो घुमतो तो तोच पाइप आहे.

अल्बमचं नाव तू ठेवलंस, 'दूरचे पाहुणे'. रिसोडला खताच्या दुकानावरची खोली घेतली, भिंतींना गोधड्या टांगल्या, खिडक्या बंद केल्या. आत खताचा वास आणि घाम. त्या खोलीत मी माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस काढले, हे तुला कधी सांगितलं नाही. आपल्यात असं सांगायची पद्धत नव्हती.

तिसरं गाणं अडलं होतं. ऊद होतं, माझा बेस होता, मधे काहीतरी कमी होतं. जेंबे घालून पाहिला, तबला घालून पाहिला. तू चिडचिडा झाला होतास. आणि एका दुपारी आमच्या घरी जेवायला आलास तेव्हा बाबा अंगणात लोखंडी घमेलं मांडीवर घेऊन बोटांनी वाजवत होते. तू ताटावरून उठलास, हात न धुता.

घमेल्याची गोष्ट तुला मीच सांगितली. माझा आजा डफडं वाजवायचा. गावात कोणी मेलं की तिरडीपुढे, कोणाचं लग्न असलं की वरातीपुढे, पोळ्याला बैलांपुढे. बोलावणं आलं की जायचं. नाही म्हणायची सोय नव्हती, आणि घरात घेणारं कोणी नव्हतं. धर्मांतर झालं आणि आमच्या वस्तीनं ठरवलं, आता हे बंद. आज्यानं आपल्या हातानं डफडं चुलीत घातलं. पण हातातलं कसं जाळणार? म्हणून दार लावून तो घमेल्यावर वाजवायचा, आणि तिथं मांडीला मांडी लावून बाबा शिकले. माझ्या बाबांनी साठी आली तरी खरं डफडं कधी हातात धरलं नव्हतं. सगळी विद्या घमेल्यावरची.

हे ऐकून तू महिनाभर आमच्या घरी येत राहिलास. बाबांच्या पुढ्यात जमिनीवर बसायचास, ज्वारीची भाकर आणि ठेचा खायचास, एक शब्द डफड्याचा काढायचा नाहीस. चिकाटी होती तुझ्यात. शेवटी बाबांनीच विचारलं, "काहून येऊन राह्यला बावा तू रोज? काय पाह्यजे ते बोल."

तू बोललास. बाबा मग म्हणाले ते तू ऐकलंस, मी ऐकलं, आईनं चुलीपाशी ऐकलं.

"वाजोतो मी. पण कोणाच्या मयतीसमोर नाई, वरातीसमोर नाई, पोळ्यात नाई. ज्याले आयकाचं त्यानं बसून आयकावं. चालता-चालता नाई."

तू त्यांच्या पायाला हात लावलास. आमच्यात पाया पडून घेत नाहीत, बाबांनी तुझा हात धरून वर उचलला. तू म्हणालास, "काका, शब्द देतो. तुमचं वाजोनं लोकं बसूनच आयकतीन."

त्या शब्दावर माझा बाप आज्याचं व्रत मोडून त्या खोलीत आला, मंग्या. हे तुला तेव्हा कळलं होतं की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

डफडं तू हिंगोलीकडून आणलंस. बाबांनी ते पहिल्यांदा हातात घेतलं आणि उलटसुलट करून इतकं पाहिलं की मला वाटलं आता परत देतात. पावसाळी हवा, बंद खोली, कातडं सारखं ढिलं पडायचं. म्हणून गच्चीवर तुराट्या पेटवून ते शेकायचं आणि धावत खाली आणायचं. खालचा दुकानदार बोंबलत वर आला, "युरियावर आग लावून राह्यले काय बे तुमी?" तरी तू ऐकलं नाहीस. पुढे तू असं ठरवलंस की गाणं तोडायचं नाही, एका शेकण्यात पूर्ण वाजवायचं. म्हणून सुरुवातीला डफडं कडक बोलतं आणि शेवटाकडे आवाज हळूहळू खाली जातो. दुसऱ्या कोणी ती चूक म्हणून पुसली असती. तू म्हणालास, हेच गाणं आहे. आणि माझा बेस तू त्याच्या खाली खाली आणलास, बाप उतरेल तसा. ते गाणं मी आजही ऐकू शकलो असतो, तू ऐकण्यासारखं ठेवलं असतंस तर.

एकदा तू शब्द पाळलास. तेही सांगतो, म्हणजे माझ्यावर एकतर्फी लिहिल्याचा आरोप नको. रिसोडला हॉलमध्ये कार्यक्रम केलास. स्टेजवर बाबांना खुर्ची, मधोमध. इस्त्रीचा फिका निळा शर्ट घालून ते बसले होते आणि समोर सगळे लोक खुर्च्यांवर. तुझे बाबूजी, गावचे पाटील, पहिल्या ओळीत. बाबांनी वाजवलं. टाळ्या पडल्या. परतताना जीपमध्ये बाबा मला म्हणाले, "एक बी माणूस उठला नाई बे." त्या एका वाक्यासाठी मी तुला जन्मभर मानलं असतं. मानतच होतो.

आणि मग राजूदादाचं लग्न आलं.

माझ्या डोक्याला फेटा तूच बांधला होतास. वरातीत मी तुझ्याशेजारी नाचत होतो. डीजेची गाडी आमच्या वस्तीजवळच्या रस्त्यावर आली, विहाराच्या कोपऱ्यावर, आणि गाणं बदललं. खाली धाडधाड ठोके घातलेले, वेग वाढवलेला, पण हात मी ओळखणार नाही का? माझ्या बापाचा हात. पोरं शिट्ट्या मारायला लागली. तुझा मामेभाऊ नोट तोंडात धरून नाचायला लागला. मला वाटलं, त्या डीजेवाल्यानं कुठून तरी उचललं असणार. मी गाडीकडे धावलो, बंद कर म्हणून, तर तू मागून माझा हात धरलास. हसत होतास.

"मीच देल्लं बे त्याले. पाह्य न, लोकं कसे नाचून राह्यले!"

बाबा ओट्यावर तूर निवडत बसले होते. रस्त्यावरून दिसत होते. मी फेटा काढला, तुझ्या हातात दिला आणि घरी गेलो. बाबा एवढंच म्हणाले, "म्या सांगतलं व्हतं न त्याले?" मला वाटतं ते खरंच विचारत होते. आपण नीट सांगितलं नसेल, अशी शंका त्या माणसाला स्वतःबद्दल आली. तुझ्याबद्दल नाही आली.

दुसऱ्या दिवशी चौकातल्या हॉटेलात आपलं भांडण झालं. चहा तसाच राहिला. तू म्हणालास, "काका कोठी व्हते तिथं? काका घरी व्हते. भोंगा वाजत व्हता. मशीनले जात नसते, मिल्या."

मी म्हणालो, "मशीन कोणाची व्हती? वरात कोणाची व्हती? हात कोणाचे व्हते?"

तू म्हणालास, "अरे, आनंदाचं काम व्हतं. घरचं लग्न व्हतं. मी त्याईले घरातलं समजून लावलं."

हेच, मंग्या, हेच. घरातल्या माणसाला लग्नाची पत्रिका देतात, मांडवात खुर्ची देतात, पहिल्या पंगतीला बसवतात. माझ्या बापाला तू वरातीपुढे लावलंस. दुसरी कोणतीही वाद्यं तू अशी रस्त्यावर आणली नाहीस. ऊद नाही, ती आईची किसनी नाही. दूरच्या पाहुण्यांना तू जपून ठेवलंस. रस्त्यावर आणायला तुला नेमकं डफडंच सापडलं. मी हे त्या दिवशी बोलू शकलो असतो, पण तुझ्यासमोर मला रडायचं नव्हतं. तू म्हणालास, "थोडा थंड हो, मंग बोलू." आणि उठून गेलास. ते 'मंग' काही आलं नाही.

पुढे काय झालं तेही तुला माहीत नसेल, तुझ्यापर्यंत कोण पोचवणार? पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर एकानं बाबांना सगळ्यांच्या देखत म्हटलं, "वरातीत दिसले नाई भौ, पण आयकू आले." लोक हसले. फार नाही, थोडेच हसले. ज्या बापानं डफडं चुलीत घातलं त्याच्या पोरानं ते पाटलाच्या दारात परत नेलं, असं वस्तीत झालं. बाबांनी गायन पार्टी सोडली. ढोलकीलासुद्धा हात लावत नाहीत. विचारलं की म्हणतात, बोटं दुखतात. बोटांना काही झालेलं नाही.

तू आजारी आहेस, काविळीनं पोटात पाणी झालंय असं कळलं, तेव्हा मी आलो अकोल्याला. राग घेऊनच आलो, पण आलो. तुला बघून राग थोडा मागं सरला, कारण पलंगावर तू दिसतच नव्हतास, नुसता चादरीला उंचवटा. मला बघून तुझे पिवळे डोळे हसले. आणि तू काय बोललास? दुसऱ्या अल्बमबद्दल. मोंगोलियातले लोक एकाच गळ्यातून दोन सूर काढतात म्हणालास, आणि कोरड्या गळ्यानं काढून दाखवायला गेलास. खोकला आला. शेजारच्या पलंगावरची म्हातारी म्हणाली, "नर्सले बोलावू काय?" आपण दोघं हसलो. किती दिवसांनी हसलो होतो.

मी एका वाक्याची वाट बघत होतो. तुला माहीत होतं. तू विचारलंस, "काका कसे हायेत?"

"बरे हायेत."

"डफडं वाजोतात?"

"नाई."

तू तोंड खिडकीकडे वळवलंस. मग म्हणालास, "वाजोले पाह्यजे." एवढंच. मी स्टुलावर बसून राहिलो, तू आणखी काही बोलशील म्हणून. तुझा डोळा लागला. मी रिसोडची बस पकडली.

आणि आता राजूदादा फोनवर म्हणतो, "तू भेटाले आल्ता ना, त्याच दिवशी म्हणे तो. तू गेल्यावर. माह्यासमोर काकाचं डफडं लावजा म्हणे."

मी गेल्यावर. मी समोर होतो तेव्हा नाही.

तुला काय वाटलं असेल याचा मी खूप विचार केला. कदाचित तुला तो बाबांचा मान वाटला असेल. कदाचित तुला वाटलं असेल, आपल्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम ते आहे, ते ऐकत जावं. मेलेल्या माणसाशी भांडण्यात हीच अडचण आहे. दोन्ही बाजू मलाच मांडाव्या लागतात, आणि तुझी बाजू मी तुझ्यापेक्षा चांगली मांडतो. तरीही ती पटत नाही. मयतीसमोर नाही, हा माझ्या बापाचा पहिला शब्द होता. वरातीचा दुसरा. तू आधी दुसरा मोडलास आणि जाता जाता पहिला.

मी राजूदादाला सांगितलं, माझ्याजवळ चांगल्या आवाजातलं नाही. आहे. पण दिलं नाही. तो म्हणाला, "बरं, मंग मोबाइलचंच लावतो. तू ये लवकर. समोरचा खांदा तुहा ठेवला हाये." त्याच्या बोलण्यात काही खोट नव्हती. भाऊ गेलेला माणूस, त्याला काय बोलणार? समोरचा खांदा. म्हणजे भोंग्याच्या बरोबर मागं.

घरी आलो. बाबांना सांगितलं, तू गेलास. ते खाली बसले. "लय लवकर गेला पोट्टा," म्हणाले, आणि डोळे पुसले. खरं सांगतो, पुसले. मग मी गाण्याचंही सांगितलं, कारण रस्त्यावरून अचानक ऐकू येण्यापेक्षा माझ्या तोंडून आलेलं बरं. ते आत जाऊन माझा पांढरा शर्ट घेऊन आले.

"जाय तू. दोस्त हाये तुहा."

"बाबा, ते तुमचं..."

"आयकलं म्या. म्हणून तं म्हणतो, तू जाय. मी तं चाललोच हावो त्याच्यासमोर."

मी शर्ट घातला. दारात पायताण घालायला वाकलो आणि भोंग्याचा आवाज आला. फुटत होता, राजूदादा म्हणाला तसाच. ऊद तर कळतच नव्हतं, माझा बेस नुसता गुरगुरत होता. डफडं तेवढं स्वच्छ. आईनं टीव्हीचा आवाज वाढवला, तर बाबा म्हणाले, "बंद कर तो. मयत चालली हाये." आणि गावात कोणाचीही मयत जाताना माणूस उठतो तसे ते उठून उभे राहिले. गाणं संपेपर्यंत, पुन्हा सुरू झालं तेव्हाही, आणि भोंग्याची गाडी नदीकडे उतरून आवाज बुडेपर्यंत. मी पायताणात पाय घालून उंबऱ्यावर बसलो होतो. मला उठता आलं नाही. तुला खांदा द्यायचा तर बापाच्या मागून चालावं लागणार होतं, आणि मला तुझा शेवटचा चेहरा बघायचा होता, मंग्या, माझ्याइतका कोणालाच बघायचा नव्हता. तू तेवढंही ठेवलं नाहीस माझ्यासाठी.

आता चौकात सगळे विचारतात. एवढा जिगरी दोस्त आणि मयतीला नाही? तुमच्या घरचं कोणीच दिसलं नाही? राजूदादानंही विचारलं, रागानं नाही, दुखावून. मी ड्युटी होती म्हणून सांगतो.

तुला मात्र खरं सांगतो. आमच्या घरचा एक माणूस होता तुझ्या मयतीत. सगळ्यांच्या पुढं होता. त्याला कोणी विचारलं नव्हतं.